मुलगा २० महिन्यांचा, येत असलेले शब्दच बोलेनासा झालाय... कुणाला अनुभव आहे का?

निफाडची_सून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव २० महिन्यांचे आहेत. वर्षाचा झाला तेव्हा छान बोलायला लागला होता, बाबा, मम्म, काऊ, भूभू, टाटा, आजीला तर 'आज्जी' असं जोर देऊन की खालच्या मजल्यावर ऐकू जावं, आणि 'फुगा' इतकं स्पष्ट की पाहुणे आले की आम्ही मुद्दाम म्हणायला लावायचो. मग दिवाळीच्या आसपास पळायला लागला आणि तोंड जे बंद झालं ते झालंच. काऊ गेलं, भूभू गेलं, फुग्याला आता नुसतं 'उ'. काही हवं असलं की माझं बोट धरतो, फ्रिजपर्यंत ओढत नेतो आणि अं अं करतो. मी म्हणते काय हवं ते सांग, दूध म्हण, की लगेच रडारड. आणि मधेच परवा मिक्सर बंद केला तर ओट्याखाली बसलेला हा स्वतःहून म्हणतो 'झालं!', अगदी मोठ्या माणसासारखं. मी नाचायचीच बाकी होते. परत म्हण म्हटलं तर गप्प, त्यानंतर एकदाही नाही.

म्हणजे येतंय तर मग बोलत का नाही हेच कळेना झालंय. सासूबाई म्हणतात ह्याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, आता बघ थांबतो का. माझी आई म्हणते मोबाईल दाखवता त्याने झालं (जेवताना दाखवतो, खोटं कशाला बोलू). त्यात माझं ऑफिस परत सुरू झालं म्हणून पाळणाघरात घातलाय, तिथल्या मावशी हिंदीत बोलतात. शिवाय अख्खा हिवाळा नाक वाहतंय. आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले मुलगा आहे, दोन वर्षांचा होऊ दे मग बघू. घरी येऊन गूगल केलं आणि तिथे जे काय वाचलं त्याने झोपच उडालीय.

असे चढउतार असतात का मुलांच्या बोलण्यात? थांबू का दाखवू, आणि दाखवायचं तर नक्की कुणाला?

कोल्हापुरी_मिरची

अगं किती टेन्शन घेतेस! चालायला लागली की पोरं बोलायचं विसरतात बघ, सगळा जीव पायात असतो त्यांचा. माझा मोठा दोन वर्षं मुकाच होता म्हटलंस तरी चालेल, आणि आता शाळेतून डायरीत लिहून येतं की वर्गात फार बडबड करतो. मुलगे उशिराच बोलतात गं. आमच्या आत्तीने तर पोपटाचा उष्टा पेरू आणून भरवला होता, त्याने काय झालं नाही पण आत्तीला समाधान. दोन वर्षांचा होऊ दे, काय होत नाही.

दोन_लेकींचा_बाप

ताई, तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये माझं लक्ष एकाच वाक्यावर गेलं, अख्खा हिवाळा नाक वाहतंय.

आमच्या धाकटीचं सांगतो. दीड वर्षाची असताना शब्द यायचे आणि जायचे. उन्हाळ्यात चांगली बोलली, पावसाळ्यात सर्दी सुरू झाली की परत अं अं. आम्हाला वाटायचं बाईसाहेब मूडी आहेत. कान कधी दुखला नाही, ताप नाही, कानातून पाणी नाही, मग कानाचा संशय येणार कुठून. बायकोच्या लक्षात आलं की समोरून हाक मारली की बघते आणि किचनमधून मारली की ढिम्म. मी म्हणायचो नाटकं करते, कारण वेफर्सचं पाकीट फोडलं की आतल्या खोलीतून धावत यायची!

शेवटी कान-नाक-घसावाल्यांकडे नेलं. टिंपॅनोमेट्री म्हणून टेस्ट असते, कानाच्या तोंडाला रबराचं छोटं बूच लावतात, काही सेकंदांत मशीनवर आलेख येतो. त्यात मधे उंचवटा यायला हवा, हिच्या दोन्ही कानांची रेघ सपाट. पडद्यामागे पाणी साठलेलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की नाकाचा मागचा भाग आणि मधला कान जोडणारी एक नळी असते, ती लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, सर्दीत सुजून बंद पडते, मग आत चिकट पाणी साठतं आणि पोराला आपलं बोलणं कानात बोटं घालून ऐकावं तसं ऐकू येतं. आणि ते कमी जास्त होत राहतं, आठवडाभर बरं, परत बंद. आमच्या मूडीपणाचं गणित तिथे सुटलं.

औषध फार काही दिलं नाही. बहुतेकांचं तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं म्हणाले, तोवर तिच्या समोर बसून बोला, टीव्ही बंद ठेवा, आडवं झोपवून बाटलीने दूध पाजू नका, घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद (हे माझ्याकडे बघून). तिचं ओसरलं. ज्यांचं नाही ओसरत त्यांच्या पडद्यात बारीकशी नळी बसवतात, ग्रोमेट म्हणतात तिला, आमच्यावर ती वेळ आली नाही.

तुमच्या मुलाचं हेच असेल असं मुळीच म्हणत नाहीये. पण कान तपासल्याशिवाय कुणी 'थांबा' म्हणत असेल तर थांबू नका एवढंच.

बोबडे_बोल

मी स्पीच थेरपिस्ट आहे, काम सगळं लहान मुलांसोबतच. इथे बसून निदान होत नसतं आणि मी ते करणारही नाही, पण काही गोष्टी लिहिते.

चढउतार असतात का? हो, भरपूर असतात. पहिले दहा-वीस शब्द फार कच्चे असतात. 'फुगा' हा त्याच्यासाठी कदाचित त्या वाढदिवसाच्या हॉलमधला तो एक लाल फुगा असेल, तो दिसेनासा झाला की शब्दही मागे पडतो. उच्चारांचंही तसंच. वेर्नर लिओपोल्ड नावाचे एक भाषातज्ज्ञ अमेरिकेत होऊन गेले, मूळचे जर्मन, त्यांनी १९३० च्या दशकात स्वतःच्या मुलीच्या बोलण्याची बारकाईने रोजनिशी ठेवली. हिल्डेगार्ड वर्षाचीसुद्धा नव्हती तेव्हा 'प्रिटी' हा इंग्रजी शब्द जवळजवळ बिनचूक म्हणायची, आणि दोन वर्षांची होत आली तेव्हा तोच शब्द 'बिडी' झाला. (हो, बिडीच.) कारण आधी मूल अख्खा शब्द जसाच्या तसा उचलतं, आणि पुढे शब्द खूप झाले की आपल्या जिभेला जमतील तेवढ्याच आवाजांत ते बसवायला लागतं. वरून बघताना ती घसरण दिसते, आतून ती प्रगती असते. तेव्हा फुग्याचा नुसता 'उ' झाला ह्यानेच मी घाबरणार नाही.

पण आता दुसरी बाजू. आलेले शब्द बरेच गेले आणि नवीन येत नाहीयेत, हे कुठल्याही वयात थांबून बघायचं लक्षण नाही, ते दाखवायचं लक्षण आहे. दाखवायचं म्हणजे काहीतरी भयंकर आहेच असं नाही. कोल्हापूरकर ताई, मुली सरासरीने थोड्या आधी बोलतात हे खरं, पण तो फरक एखाद-दोन महिन्यांचा आहे, वर्षाचा नाही. 'मुलगा आहे' ह्या दोन शब्दांपायी आमच्याकडे साडेतीन वर्षांची मुलं पहिल्यांदा येतात तेव्हा चिडचिड होते, तुमच्यावर नाही, त्या वाक्यावर.

टप्प्यांचं म्हणाल तर अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) २०२२ मध्ये आपली यादी बदलली, त्यात दीड वर्षाला आई-बाबा सोडून तीन तरी शब्द म्हणायचा प्रयत्न, दोन वर्षांना दोन शब्द जोडणं ('अजून दूध', 'बाबा गेला'), अडीच वर्षांना पन्नासेक शब्द असं आहे. ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना जे जमतं ते त्या वयापुढे लिहिलंय, म्हणजे ही काठावरची रेघ आहे, सरासरी नाही. आणि भूभू, भुर्र, हम्मा हे सगळे शब्दच धरायचे, नेहमी त्याच गोष्टीला म्हणत असेल तर.

मला शब्दांपेक्षा दुसरंच विचारायचंय. तुमचं बोट धरून फ्रिजकडे नेतो तेव्हा मान वर करून तुमच्या तोंडाकडे बघतो का, की नजर नुसती तुमच्या हातावर आणि दारावर? गच्चीत नेल्यावर चंद्र, कुत्रा, विमान असं काही बोट करून दाखवतो का, हवं म्हणून नाही, नुसतं 'हे बघ' म्हणून? टाटा हाताने अजून करतो का, तेही गेलं? पाठीमागून नावाने हाक मारली तर वळतो का? हाताची खूण न करता 'चप्पल आण' म्हटलं तर आणतो का? बुवाकुक खेळताना हसतो का? काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये साधारण सव्वा ते दोन वर्षांच्या दरम्यान शब्दांबरोबर ही नजर, हे दाखवणं, हे खेळणंही मागे पडतं. तुम्ही गूगलवर तेच वाचलं असणार. म्हणून नुसते शब्द मोजत बसू नका, ह्या गोष्टी बघा आणि इथे लिहा.

'दूध म्हण' बंद करा आजपासून. त्याची परीक्षा होते आणि तुमची चिडचिड. फ्रिजपाशी त्याच्या उंचीला खाली बसा, 'दूध. दूध हवंय. हे बघ दूध' म्हणा, कपात दोनच घोट ओता आणि थांबा. काही बोलू नका, त्याच्याकडे बघत मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ते दहा आकडे फार जड जातात. त्याने बघितलं, हात पुढे केला, 'उ' केलं, काहीही केलं तरी 'अजून दूध!' म्हणून ओतायचं.

हिंदीची काळजी सोडा, दोन भाषांनी बोलणं खुंटत नाही. मोबाईलबद्दल मात्र तुमच्या आईचं ऐका, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने (आयएपी) २०२१ च्या सूचनांमध्ये दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच म्हटलंय, आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडून. मोबाईलमुळेच शब्द गेले असं नाही म्हणत, पण जेवणाची वेळ ही दिवसातली सगळ्यात बोलकी वेळ असते आणि ती मोबाईल खातो.

श्टुटगार्टची_मावशी

दोन भाषांवरून आठवलं म्हणून लिहिते. आमची लेक इथे जर्मनीत किटाला (पाळणाघर/बालवाडी) जायला लागली आणि घरी मराठी जवळजवळ बंद. मी रडकुंडीला आले होते, वाटलं ही आता आजीशी बोलणारच नाही. इथे मुलांच्या ठरलेल्या वयाच्या ठरलेल्या तपासण्या असतात, यू-७ नावाची २१ ते २४ महिन्यांच्या मधे, त्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी शब्द विचारले, मी फक्त मराठीतले सांगायला लागले तर म्हणाल्या दोन्ही भाषांचे मिळून सांगा. मोजले तर भरपूर निघाले की! पाणी मराठीत, बॉल जर्मनमध्ये, 'नको' मात्र दोन्हीकडे अस्खलित :) तेव्हा पाळणाघरातल्या मावशींना विचारा, तिथे 'पानी दो', 'चलो' असलं काही म्हणतो का. आमची तिकडे वेगळीच बोलायची आणि घरी वेगळीच.

निफाडची_सून

सगळ्यांचे आभार, खरंच. दोन दिवस नीट बघितलं आणि आता लिहितेय.

बोट धरून नेतो तेव्हा वर बघतो, म्हणजे आधी फ्रिजकडे, मग माझ्याकडे, मग परत फ्रिजकडे, आणि मी मुद्दाम न कळल्यासारखं केलं तर माझी हनुवटी धरून तोंड फिरवतो! चंद्र दाखवतो, रोज दाखवतो, पंखा पण. टाटा हाताने करतो, तोंडाने नाही. बुवाकुक म्हणजे जीव की प्राण. 'चप्पल आण' म्हटलं तर आणली, पण समोर बसून सांगितलं तेव्हा. तेच पाठमोरा असताना म्हटलं तर काहीच नाही. नावाने मागून हाक मारली तर कधी वळला कधी नाही, नवऱ्याच्या मते खेळात रमला होता. पण बिस्किटाचा पुडा वाजवला की येतो, म्हणून आम्ही कानाचा विचारच केला नव्हता. दादांची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, डिट्टो आमचं.

मावशींना विचारलं, तिथे 'दे' म्हणतो म्हणे.

बोबडे_बोल

हनुवटी धरून तोंड फिरवतो हे वाचून मला फार बरं वाटलं. चंद्र दाखवणं पण. संवाद जागेवर दिसतोय, आवाजाचा रस्ता तपासायला हवा. तरी प्रत्यक्ष बघणाऱ्याला हे सगळं सांगा, शक्य असेल तर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात पोरं हमखास पुतळे होतात (आणि तो व्हिडिओ त्याला दाखवत बसू नका).

बिस्किटाच्या पुड्यावर विसंबू नका. दर महिन्याला एक तरी घर मला ह्या पुड्याची साक्ष देतं. ऐकू येणं म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. पुडा, कुकर, दाराची बेल हे कळतं आणि तरी 'फुगा' मधला फ, 'बस' मधला स निसटतो. अर्धवट ऐकणाऱ्या मुलाला बोलणं चालू आहे हे कळतं, पण काय चाललंय ते नीट नाही.

आधी ऑडिओलॉजिस्ट (ऐकू किती येतं ते तपासणारे) आणि ईएनटी, म्हणजे कान-नाक-घसावाले, मग स्पीच. खाजगीत परवडत नसेल किंवा नको असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ ला आपल्या पालघरातूनच सुरू झालेला, त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि बोलण्यातला, वाढीतला उशीर त्यात धरलेला आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा त्यांची टीम येते, ती पुढे जिल्ह्याच्या केंद्रात पाठवते, डीईआयसी म्हणतात, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, कान आणि वाचा दोन्हीचं एकाच ठिकाणी होतं.

परळच्या_आज्जी

मी नातवंडं सांभाळते, दोन मोठी केली आता तिसरं हाताशी आहे, म्हणून लिहिते हो. कान दाखवून घे बाळ, ते झालंच पाहिजे, पण बोलायला लागला की चढउतार संपले असं समजू नकोस, पुढे आणखी गमती असतात. आमचा मधला आधी 'बाबा गेला' असं अगदी बरोबर म्हणायचा आणि अडीच वर्षांचा झाला तसं 'बाबा जाला', 'मी करलं', 'आजीने देलं' सुरू, सून म्हणे आई हा मागे चाललाय, मी म्हटलं मागे कुठला, नियम कळलाय त्याला, चालला-बोलला सारखं जाला, आता तो आपल्याला शिकवतोय. घरात मी, सून आणि कामाच्या बाई अशा तिघी, म्हणून हा पठ्ठ्या 'मी जाते', 'मी खाते', शेजारचे हसायचे, बाबा सुट्टीवर आला आणि आपोआप 'मी जातो' झालं. आणि मोठी नात तीन वर्षांची असताना एकाएकी अडखळायला लागली, 'आ आ आ आजी', डोक्यात विचार धावतात आणि तोंड मागे राहतं, आम्ही कुणी 'नीट बोल, हळू बोल' म्हटलं नाही, तिचं वाक्य संपेपर्यंत गप्प बसायचो, गेलं काही महिन्यांत. वेखंड जिभेला लाव म्हणून सांगणारे भेटतील, लावू नकोस.

बोबडे_बोल

आज्जी, तुम्हाला क्लिनिकमध्ये बसवते :) अडखळण्याचं बरोबर आहे, दोन ते चारच्या मधे पुष्कळ मुलं अडखळतात आणि बहुतेकांचं जातं. फक्त सहा महिन्यांच्या वर चाललं, किंवा बोलताना तोंड वेडंवाकडं होतंय, डोळे घट्ट मिटतोय, बोलायचं टाळतोय असं दिसलं तर दाखवा.

कोल्हापुरी_मिरची

बरं बाई, मी हरले. धाकट्याचं नाक पण आठ महिने वाहतंय, वाचून मीच नंबर लावला.

निफाडची_सून

शनिवारची वेळ मिळाली. एकच विचारायचंय, बेशुद्ध करतात का गं टेस्टसाठी? सासूबाईंनी कुठूनतरी ऐकलंय की गुंगीचं औषध देतात आणि त्या आता नको म्हणून अडून बसल्यात.

बोबडे_बोल

टिंपॅनोमेट्रीला नाही, तुमच्या मांडीवर बसून होते, फक्त काही क्षण रडू नये, गिळू नये एवढंच. ओएई म्हणून आणखी एक असते, तिलाही औषध लागत नाही, शांत बसला किंवा झोपला की होते. त्याच्या वयाला खेळण्याची टेस्ट पण करतात, आवाज आला की बाजूला दिवा लागून खेळणं हलतं आणि मूल तिकडे बघतं का ते टिपतात. गुंगीचं औषध लागतं ते बेराला (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी टेस्ट), कारण त्यात गाढ झोप हवी, आणि बेरा सगळ्यांनाच लागते असं नाही, आधीच्या टेस्ट बघून ठरवतात. सासूबाईंना सोबत घेऊन जा, बाहेर बसवू नका, आत.

सर्दी असली तरी जा, रद्द करू नका. पाणी दिसलं तर काही आठवड्यांनी परत बघायचंच असतं.

दोन_लेकींचा_बाप

आणि एक, कानात मळ गच्च भरलेला असेल तर टेस्ट नीट होत नाही, आमची पहिली खेप तशीच फुकट गेली. आधी ईएनटीला कान बघून मळ काढायला सांगा, मग मशीन. घरी बड घालू नका आणि शुक्रवारी रात्री कुणी कोमट तेलाची वाटी घेऊन आलं तर वाटी काढून घ्या.